पंचनदराव, मध्यंतर कुठे ठेवू?

पंचनदराव, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी थिएटरात गेलो. जावंसं वाटत नव्हतं, पण नव्या कंपनीने तिन्ही पडदे चालूच ठेवले होते, आणि तुमच्या मुलीनेच मला बाहेर काढलं. कावेरी म्हणाली, "जा मोघेकाका. अम्मा गेली त्या दिवशीसुद्धा अप्पांनी मॅटिनी बंद केली नव्हती."

दोन नंबरच्या पडद्यावर तमिळ सिनेमा होता. मध्यंतराचे दिवे लागले, लोक उठले आणि डाव्या हाताच्या दाराकडे निघाले. तिथे, दाराच्या अलीकडे दोन पावलांवर, तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचात. लोक त्या जागेपाशी आले आणि दोन बाजूंना फुटले. मध्ये एक माणूस मावेल एवढी फरशी मोकळी. तुम्हाला जन्मात पाहिलं नसेल अशी कॉलेजातली पोरंसुद्धा वळसा घालून गेली. पॉपकॉर्नची ढकलगाडी आणणाऱ्या बाईने गाडी तिरपी करून काढली.

लोक गेल्यावर मी ती फरशी वाकून पाहिली. काही सांडलेलं नव्हतं, काही उचकटलेलं नव्हतं. मी काही नास्तिक नाही, राव, पण आळशी आहे. भुतांवर विश्वास ठेवायला जो उत्साह लागतो तो माझ्यात नाही. तरी बाहेर जाताना मीही वळसाच घातला.

तर ही तक्रार. तुम्ही गेलात असं सगळे म्हणतात आणि तुम्ही दारातून हलायला तयार नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी मुंबईच्या कंपनीचा माणूस. त्या वर्षांत आमची कंपनी थिएटरं विकत घेत सुटली होती, लग्नघरात पातेली घेतात तशी. मला चेन्नईला धाडलं ते एवढ्याच कामासाठी: एक पडदा तोडून तीन केलेली थिएटरं हेर, मालकाला गोड बोल, सही घे. अण्णा नगरच्या तुमच्या थिएटरात मी मे महिन्याच्या दुपारी कोट आणि टाय घालून शिरलो. तुम्ही पांढऱ्या लुंगीवजा वेष्टीत, बनियनवर, तिकिटखिडकीच्या आत बसून टंबलरमधली कॉफी खालच्या पसरट वाटीत ओतत होतात. माझ्या टायकडे बोट करून तुम्ही मराठीत विचारलंत, "हें गळ्यांत काय? कोणी शिक्षा केली कीं काय?"

मला घेरी यायची बाकी होती. तुमचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले आणि जाताना जी मराठी घेऊन गेले ती तुम्ही तशीच जपून ठेवली होती, फक्त वर तमिळ हेल चढवून. मला वाटलं, एखाद्या बखरीला कंठ फुटलाय आणि तो कंठ तमिळ बातम्या देणाऱ्याचा आहे. मी भडाभडा बोलत सुटलो. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "तुमची मराठी फार घाईची, मोघे. कोठें बस पकडावयाची आहे?"

मग माझ्या बोलण्यातल्या 'काय राव', 'चला राव' या सवयीने पुढची वर्षं आपली करमणूक केली. मी ड्रायव्हरवर, पंख्यावर, कुणावरही वैतागून 'काय राव!' म्हटलं की तुम्ही दुसऱ्या खोलीतून ओ द्यायचात. परवा लिफ्ट अडकली तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं. मग मी किती वेळ गप्प उभा होतो आणि कशाची वाट पाहत होतो, हे लिफ्टमधल्या इतर लोकांना सांगणं कठीण होतं.

तुमच्या गुरुवारांबद्दल मी मुंबईला कळवलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. आपल्याकडच्या सिनेमात मध्यंतर आधीच ठरलेलं असतं. दिग्दर्शकच ते ठेवतो. इंग्रजी सिनेमात मध्यंतर नसतं. ते थिएटरवाल्याने पाडायचं. बाकी सगळीकडे हे काम मशीनवाला करतो: साधारण निम्मं झालं, समोसे गरम झाले, दिवे लाव. तुमच्याकडे मात्र नव्या इंग्रजी सिनेमाची प्रिंट आली की गुरुवारी दुपारी रिकाम्या थिएटरात तुम्ही एकटे बसायचात, पुढे शेजारी मी. खुर्चीच्या हाताला एक बटण, वर सेल्वमच्या मशीनखोलीत घंटी. सिनेमा चालला आहे, तुम्ही हलत नाही, मला वाटतंय डुलकी लागली, आणि एकदम तुम्ही ओरडायचात, "इंगे!" इथे! घंटी वाजायची. सेल्वम तिथे रिळात कागदाचा कपटा अडकवायचा आणि सिनेमा संपल्यावर फिल्मच्या कडेला त्याच जागी चंदेरी पट्टी चिकटवायचा. शुक्रवारी ती पट्टी आली की मशीन आपोआप थांबायचं. पट्टीचे तुकडे तुम्ही स्वतः कात्रीने कापून चष्म्याच्या घरात ठेवायचात. चष्मा शर्टाच्या खिशात उघडाच.

आणि शुक्रवारी पहिल्या खेळाला मध्यंतर झालं की तुम्ही त्या दाराशी. पडद्याकडे पाठ, लोकांच्या तोंडाकडे लक्ष.

मी विचारलं होतं, "पाहता काय एवढं?"

"दिवे लागल्यावरी माणूस लगेच उठला तर माझें चुकलें. थोडा वेळ बसून राहिला, मग उठला, तर बरोबर."

"आणि किती वेळ बसला म्हणजे बरोबर?"

"बायकोनें कोपर मारीपर्यंत."

थिएटर विकायला तुम्ही तयार झालात, कारण दुसरा इलाज नव्हता. आजूबाजूला मॉल उभे राहत होते, प्रिंटा आधी साखळीवाल्यांना मिळायच्या, तुम्हाला उरलंसुरलं. किंमत तुम्ही फारशी ताणली नाही. अट एकच घातलीत: या तीन पडद्यांवर मध्यंतर कुठे, हे तुमचं घराणं ठरवणार. इमारत उभी आहे तोपर्यंत.

मुंबईचे आमचे साहेब फोनवर म्हणाले, "मोघे, हा माणूस दुपारचा घेतो का?"

वकिलाने तर मला गंभीरपणे विचारलं, की मध्यंतर ही स्थावर मालमत्ता धरायची की जंगम.

घासाघीस करायला मी तुम्हाला चेन्नईजवळच्या कोवलमला नेलं. माझा डाव साधा होता: समुद्राचा वारा, तळलेली मासळी, माणूस नरम पडतो. तुम्ही शाकाहारी आहात हे मी डाव आखताना विसरलो. तुम्ही उलट्या घातलेल्या होडीवर घरचं दहीभाताचं डबडं उघडून बसलात आणि माझ्या ताटातल्या वंजिरम माशाकडे पाहून म्हणालात, "हा बिचारा मध्यंतराआधींच संपला."

साहेबांनी मला एवढंच सोडायला सांगितलं होतं: इमारतीपर्यंत नाही, पंचनदरावांच्या हयातीपर्यंत. मी ते बोलायला दोन मासे लावले. शेवटी बोललो. तुम्ही भाताचा घास तसाच हातात धरून समुद्राकडे पाहिलंत. मला वाटलं आता उठाल, बस धराल.

"सेरी, बरें," तुम्ही म्हणालात. "माझी हयाती कीं तुमच्या कंपनीची, पाहूं कोण पुढें जातो."

आणि पैज तुम्ही जिंकलात! दोन वर्षंसुद्धा झाली नसतील, आमची मुंबईची कंपनी दिल्लीच्या मोठ्या कंपनीने गिळली. विलीनीकरण म्हणायचं त्याला. माशाचं मांजरात होतं तसं. पाट्या उतरल्या, नव्या चढल्या. पोरांचे लाल टी-शर्ट जाऊन निळे आले. आपला पगार आता कुणाकडून, हे मला पहिल्यांदा बँकेने सांगितलं. मी तोंड पाडून तुमच्याकडे आलो तर तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

"मोघे! तुमची कंपनी वारली! तेरावें केव्हां?"

मला वाटलं चेष्टा. पण तुम्ही आचारी बोलावलात. थिएटरच्या मोठ्या दालनात केळीची पानं मांडलीत, भात, सांबार, वडे, पायसम, सगळा स्टाफ ओळीने बसवला आणि पहिलं पान उतरलेल्या पाटीपुढे ठेवलंत. मला म्हणालात, "जवळचे तुम्हींच. तुम्हीं नमस्कार करा." मी केला. सेल्वम हसून हसून पानावर पडायचा राहिला होता. आणि त्याच क्षणी, न कळवता, दिल्लीचे नवे साहेब दोन माणसं घेऊन पाहणीला आले.

ते दारात थबकले. पंगत पाहून त्यांचा चेहरा उजळला. "ये किसका स्वागत है?"

सगळ्यांचे घास थांबले. तुम्ही उठलात, हात जोडलेत आणि तुमच्या त्या भयंकर हिंदीत म्हणालात, "आपका ही."

साहेब मेलेल्या कंपनीच्या तेराव्याला दोनदा पायसम घेऊन गेले. जाताना म्हणाले, दक्षिणेतलं आदरातिथ्य काही वेगळंच. त्या आठवणीवर आपण किती शनिवार काढले, राव! मी साहेबांची नक्कल करायची, तुम्ही पायसम वाढायचं.

पण त्या दुपारची एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. जेवण झाल्यावर साहेबांबरोबरच्या वकिलाने मला बाजूला घेतलं. करारातली मध्यंतराची ओळ त्याने खूण करून आणली होती. मला वाटलं, आता हा ती खोडायला सांगणार. मी भांडायची तयारी केली. त्याने फक्त विचारलं, "इनकी उम्र क्या है?" मी सांगितली. तो हात पुसत म्हणाला, "तो फिर रहने दीजिए."

पलीकडे तुम्ही सेल्वमच्या पानावर तिसरा वडा टाकत होतात. मी येऊन तुमच्या शेजारी बसलो आणि साहेबांची नक्कल करायला लागलो. तेव्हापासून, तुम्ही जिना चढताना धाप लागून थांबलात की मला वडे तळल्याचा वास यायचा.

आता आपलं भांडण.

तो दाराचा सिनेमा. प्रिंट या वेळी आठवडाभर आधी आली, म्हणून आपण तो आधीच्या गुरुवारी पाहिला. एकटी बाई, जुनं घर, भाऊ समुद्रात बुडून मेलेला. मग एका संध्याकाळी दारावर थाप. ती उठते. दाराशी जाते. थाप पुन्हा. तिचा हात कडीवर जातो.

"इंगे!" तुम्ही ओरडलात. घंटी वाजली.

पडद्यावर तिने कडी काढली, दार उघडलं. बाहेर कुणी नाही. नुसतं धुकं आणि ओला ओटा.

"इथे!" मी ओरडलो. तुमच्या खुर्चीवरचं बटण मी वाकून दाबलं. ते माझ्या आजवरच्या नोकरीतलं सगळ्यात मोठं धाडस.

वरून सेल्वमने डोकं बाहेर काढलं. "सार, दोन घंट्या. कुठली खरी?"

"पयली," तुम्ही म्हणालात.

"दुसरी," मी म्हणालो. "राव, दार उघडू द्या. कुणी नाही हे दिसू द्या. मग दिवे लावा. लोक टरकतील."

"टरकणार नाहींत. कोणी नाहीं हें कळलें कीं झालें. मोकळे. पॉपकॉर्न आणावयास जातील." तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमची मान पूर्ण वळत नव्हती हे मी तेव्हा पाहिलं. "हात कडीवरी आहे तोंवरी तो भाऊ आहे, मोघे. दाराच्या पलीकडे उभा आहे. भिजलेला. मग काय म्हणून उघडावें?"

"कधीतरी उघडायचंच आहे ना? सिनेमा पुढे जायला नको?"

"जाईल कीं. पण पंधरा मिनिटें तरी त्यास उभा राहूं द्या."

अर्धा तास आपण भांडलो. सेल्वम खाली येऊन पायरीवर बसला आणि बिडी काढून हातातच धरून राहिला. शेवटी तुम्ही चष्म्याच्या घरातून एक चंदेरी तुकडा काढून माझ्या हातावर ठेवलात. "पुढच्या गुरुवारी ठरवूं. तोंवरी तुम्हींच ठेवा." इतक्या वर्षांत तुम्ही पट्टी सेल्वमशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती. मला वाटलं, चला, आपण जिंकत आलो.

पुढचा गुरुवार तुम्ही पाहिला नाहीत.

अण्णा नगरच्याच हॉस्पिटलात तुमची खिडकी अशी होती की थिएटरच्या नव्या पाटीचं मागचं अंग दिसायचं. नुसत्या लोखंडी सळया. कावेरी डॉक्टरांकडे गेली होती, मी खुर्चीत. तुम्ही नाकातल्या नळीसकट त्या पाटीकडे पाहत होतात.

"ही पाटी टिकेल?" तुम्ही विचारलंत.

"दोन वर्षं. मग हिचंही तेरावं."

"मजला बोलवा. पायसम..." पुढचं तुम्हाला हसूने बोलू दिलं नाही, का श्वासाने, मला कळलं नाही. मी पाणी दिलं. मग वाकून म्हणालो, "राव, दार उघडल्यावरच ठेवतो बघा मध्यंतर." मुद्दाम म्हणालो. भांडलात की तुमच्या गालांवर रंग येतो म्हणून.

तुम्ही भांडला नाहीत. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत आणि हात उचलून दाराकडे बोट केलंत. "जा. कापी घेऊन या. इडैवेळै."

मध्यंतर, म्हणजे. तुमच्या आवाजात इतका हुकूम होता की मी उठलोच. खाली कँटीनला गर्दी होती. मी दोन कॉफ्या घेतल्या, एक बिनसाखरेची. वर आलो तर तुमच्या पलंगाभोवतीचा हिरवा पडदा ओढलेला होता आणि कावेरी त्याच्या बाहेर उभी होती. तिने माझ्या हातातल्या दोन पेल्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोन्हींतून वाफ निघत होती.

तो हिरवा पडदा मी बाजूला केला नाही, राव. नंतर घाटावर सगळ्यांबरोबर पाहिलं तुम्हाला, फुलांत. पण तेव्हा नाही केला.

दिल्लीहून फोन आला तो तुमची राख अजून गरम असताना. सहानुभूती व्यक्त झाली, मग काम. करारातली ती ओळ आता संपली आहे. सोमवारपासून सगळ्या थिएटरांतली मध्यंतरं मुख्य कार्यालयातून ठरून येतील. "या शुक्रवारचं काय?" मी विचारलं. तिकडे कागद उलटल्याचा आवाज. "या शुक्रवारचं तुम्ही बघून घ्या."

म्हणजे तुमच्या घराण्याचं शेवटचं मध्यंतर माझ्या खिशात. त्या चंदेरी तुकड्यात.

शुक्रवारी सकाळी मी मशीनखोलीत गेलो. सेल्वमने फिल्म उलगडून दोन्ही कपटे दाखवले. पहिल्या घंटीचा, दुसऱ्या घंटीचा. मध्ये वीतभरापेक्षा थोडीच जास्त फिल्म असेल असं मला वाटलं होतं. बाईला दार उघडायला चांगली वावभर, दोन्ही हात पसरावे एवढी, लागली होती.

"कुठे, सार?"

मी दुसऱ्या कपट्यावर बोट ठेवलं. सेल्वम माझ्याकडे पाहतच राहिला. "अय्या म्हणाले होते..."

"अय्या काय म्हणाले ते मला माहीत आहे. लाव."

खरं सांगतो, राव, माझं म्हणणं खरं करायला मी हे केलं नाही. मला तुम्हाला चिडवायचं होतं. तुम्ही त्या दाराशी असाल तर हे तुम्हाला सहन होणार नव्हतं. पाठीमागचे हात सुटतील, 'मोघे!' अशी हाक येईल, काहीतरी होईल. दिवे दोनदा उघडझाप करतील. एवढं तरी.

दुपारचा खेळ, तोच दोन नंबरचा पडदा. मी तुमच्या जागेपासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून. थाप पडली. कडीवर हात. दार उघडलं. धुकं, ओला ओटा. मशीन थांबलं, दिवे लागले.

लोक हसले. भीती सुटल्यावर हसतात ना, तसं. लगेच उठले, आळस दिले, "अरे कुणीच नाही!" म्हणत दाराकडे आले. आणि सरळ चालत गेले. तुमच्या जागेवरून. एक, मग चार, मग सगळे. एका मुलीने तर तिथेच उभं राहून चप्पल नीट केली. पॉपकॉर्नची गाडी सरळ रेषेत आत आली.

मी भिंतीला टेकलेला तसाच राहिलो. इतका ओकाबोका दिवा मी कुठल्या थिएटरात पाहिला नाही. शेवटचा माणूस गेल्यावर मी त्या फरशीवर पाऊल ठेवून पाहिलं. फरशीच होती.

मी जिने धावत चढलो. माझं वय, माझं पोट, सेल्वम घाबरला. "पट्टी काढ," मी म्हणालो. "संध्याकाळच्या खेळाआधी. पहिल्या घंटीवर लाव."

तो तुकडा नखाने सावकाश सोडवताना त्याचे ओठ हलत होते. तो पट्टीशी बोलत होता की तुमच्याशी, मी ऐकलं नाही.

संध्याकाळी कावेरीला मी बोलावून घेतलं आणि शेवटच्या रांगेत बसवलं. कँटीनमधून दोन कॉफ्या घेतल्या, खऱ्या टंबलरमध्ये, एक बिनसाखरेची, आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. पडद्याकडे पाठ, लोकांच्या तोंडाकडे लक्ष. थाप पडली ती मी पाठीवर ऐकली. दुसरी थाप. पुढ्यात चेहऱ्यांच्या रांगा, निळ्या उजेडात, सगळे थोडे पुढे झुकलेले. तिचा हात कडीवर गेला असणार, कारण एका म्हाताऱ्याने आपला हात अर्धवट उचलला.

दिवे लागले.

कुणी हललं नाही. राव, कुणीच नाही. पंखे ऐकू यायला लागले. मग कुठेतरी कुणाच्या तरी बायकोने कोपर मारलं असेल, एक माणूस उठला, दुसरा उठला, आणि ते हळूहळू, न बोलता, दाराकडे यायला लागले. जवळ आले. आणि फुटले. काही डावीकडून, काही माझ्या बाजूने, मला चाटून. मध्ये एक माणूस मावेल एवढी फरशी तशीच. कावेरी शेवटी आली. ती त्या जागेपाशी थांबली, पदर सावरला आणि वळसा घालून गेली.

बिनसाखरेची कॉफी मी बराच वेळ धरून ठेवली होती. तुम्ही जिंकलात, हे मी मोठ्याने म्हणालो. पॉपकॉर्नवाल्या बाईने ऐकलं, ऐकू दे.

पंधरा मिनिटांनी घंटी झाली, लोक आत गेले, दिवे मंद झाले. मी मात्र बाहेर पडलो आणि दार हळूच लावून घेतलं. तिने कडी काढली की पलीकडे कुणी नसतं, हे मला ठाऊक आहे. दोनदा पाहिलंय. त्या संध्याकाळी ते पुन्हा पाहायची मला घाई नव्हती.